अहवालातल्या गोंधळाला इंग्रजीत काय म्हणावे?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका सेवाभावी संस्थेच्या कार्यालयात काम करते. माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. संस्थेचे बरेच देणगीदार परदेशात राहतात, त्यामुळे वार्षिक अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो आणि ते काम आता माझ्याकडे आले आहे. यंदाच्या आरोग्य शिबिराला अपेक्षेपेक्षा फार मोठी गर्दी झाली. फाटकाशी रेटारेटी झाली, दोन वृद्ध महिला पडल्या पण सुदैवाने त्यांना फारसे लागले नाही, काही केसपेपरांची अदलाबदल झाली, औषधांचे खोके व्हरांड्यात इतस्ततः पडलेले होते आणि कोणी कोणत्या रांगेत उभे राहायचे हे तासभर कोणालाच कळत नव्हते. ‘केऑस’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून मी समानार्थी शब्दांचा कोश पाहून ‘रायट’, ‘बेडलम’, ‘मेहेम’, ‘टर्मॉइल’ असे शब्द वापरले. अहवाल वाचून एका विश्वस्तांनी विचारले, की पोलिसांत नोंद झाली आहे का. आणि एका देणगीदार डॉक्टरांनी कळवले, की रुग्णांच्या संदर्भात ‘बेडलम’ हा शब्द वाचून त्यांना वाईट वाटले. मी फार खजील झाले. सोबत पाठवलेल्या यादीतील प्रत्येक शब्दासमोर त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द आपण लिहून द्याल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि यादी, दोन्ही लक्षपूर्वक वाचली. खजील व्हावे असे आपल्या हातून काही घडलेले नाही. एकच शब्द वारंवार येऊ नये यासाठी धडपडणे ही चांगली सवय आहे आणि ती आपल्याला मराठी शाळेतच लागली असणार, कारण निबंधात पुनरुक्ती टाळा हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. अडचण झाली ती कोशामुळे. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरांनी १८५२ साली आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला, तेव्हा त्यांनी शब्दांची मांडणी अकारविल्हे न करता कल्पनांनुसार केली. सुव्यवस्थेला ५८ वा क्रमांक मिळाला, अव्यवस्थेला ५९ वा, आणि त्या एका क्रमांकाखाली निरनिराळ्या जातींचे शब्द शेजारी शेजारी आले. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असा त्या मांडणीचा अर्थ नव्हता. ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याच्यासाठी तो संग्रह होता. ज्याला शब्द नव्याने शिकायचा आहे त्याला तो फसवतो, आणि पुढे निघालेल्या बहुतेक समानार्थी कोशांची गत तीच आहे.

प्रतिशब्दांचे कोष्टक मी याच कारणासाठी देणार नाही. ते दिले तर यादीतील निम्म्या शब्दांसमोर मला ‘गोंधळ’ असे लिहावे लागेल. मराठीत वही सापडत नाही तोही गोंधळ, मन ठरत नाही तोही गोंधळ, सभेत आरडाओरडा होतो तोही गोंधळ, आणि अंबाबाईच्या नावाने संबळाच्या तालावर गोंधळी घालतात तोही गोंधळच. ऐकणारा संदर्भावरून अर्थ ओळखतो. पण मराठीला याहून बारीक भेद करता येत नाहीत असे मुळीच नाही. पाहुणे अचानक आले की आपली तारांबळ उडते, मुले खोलीत पसारा करतात, हिशेबात घोळ होतो, जत्रेत गलका होतो आणि हत्तींचा कळप शेतात शिरला की धुमाकूळ घालतो. ‘माझ्या कपाटात तारांबळ उडाली आहे’ असे आपण कधी लिहिणार नाही, आणि ते चुकीचे का, हे सांगायला आपल्याला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. हाच कान इंग्रजीसाठी तयार करायचा आहे. त्यासाठी शब्द लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतःला विचारा : विस्कटले नेमके काय, आणि हा शब्द लिहिल्याने मी कोणावर काही आरोप करते आहे का?

वस्तू विस्कटल्या असतील तर काम सोपे आहे. ‘मेस’ म्हणजे पसारा, बहुधा अस्वच्छतेची छटा असलेला. पुण्यात शिकलेल्या प्रत्येकाला मेस म्हटले की खानावळ आठवते, आणि तो शब्द वेगळा नाही, हाच आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ पानात वाढलेले अन्न असा होता. त्यातून एकत्र जेवणारी मंडळी आणि त्यांची जेवणाची जागा हा एक अर्थ निघाला, तर दुसरीकडे कालवलेले अन्न, मग कशाचीही कालवाकालव, आणि एकोणिसाव्या शतकात आजचा पसाऱ्याचा अर्थ रूढ झाला. ‘क्लटर’ म्हणजे नको इतक्या वस्तूंची दाटी. त्यात घाण असेलच असे नाही. ‘जंबल’ म्हणजे निरनिराळ्या वस्तू एकमेकींत मिसळून गेल्या. केसपेपरांची अदलाबदल झाली त्यासाठी मात्र यातला एकही शब्द नको. तिथे ‘मिक्स-अप’ हा अगदी साधा शब्द आहे, आणि तो एकाचे दुसऱ्याकडे गेले एवढेच सांगतो.

याच घरातला ‘हॉचपॉच’ हा शब्द आपल्या यादीत आहे. तो मूळचा एका भांड्यात एकत्र शिजवलेल्या कालवणाचा. त्याचे ‘हॉचपॉट’ हे रूप आपल्याकडील न्यायालयांत आजही वापरात आहे : एकत्र हिंदू कुटुंबातील एखाद्याने स्वतःची कमाई कुटुंबाच्या सामाईक मिळकतीत मिसळली, की ती सामाईक हॉचपॉटमध्ये टाकली असे निकालपत्रात म्हणतात. वाटणीच्या दाव्याचे कागद कधी हाती आले तर त्या ठिकाणी हा शब्द पाहून कोणाचा गोंधळ झाला असे समजू नका; तिथे तो काटेकोर कायदेशीर अर्थाने आलेला असतो.

मनाचा गोंधळ असेल तर ‘कन्फ्यूजन’ हा शब्द पुरेसा आहे आणि तो वारंवार आला तरी बिघडत नाही. आपल्याकडे चूक होते ती त्याच्या व्याकरणात. ‘माझे एक कन्फ्यूजन आहे’ याचे शब्दशः इंग्रजी करून ‘आय हॅव अ कन्फ्यूजन’ असे आपण सर्रास बोलतो. हा शब्द सहसा मोजला जात नाही. ‘सम कन्फ्यूजन’ म्हणावे किंवा सरळ ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’ असे म्हणावे. आणि ‘कन्फ्यूजिंग’ ती गोष्ट असते, माणूस ‘कन्फ्यूज्ड’ असतो. शिबिरातील रांगा कन्फ्यूजिंग होत्या, म्हणून रुग्ण कन्फ्यूज्ड झाले. ‘मडल’ हा शब्द त्याहून घरगुती आहे. त्याच्या मुळाशी चिखल आहे, पाणी ढवळून गढूळ करणे आहे, त्यामुळे विचार गढूळ झाले किंवा तारखा एकमेकींत मिसळल्या की तो शोभतो. ‘टर्मॉइल’ मात्र फार मोठा शब्द आहे. घरात मृत्यू झाल्यावर मनाची जी अवस्था होते, किंवा सरकार पडण्याच्या सुमारास देशात जे वातावरण असते, त्यासाठी तो राखून ठेवावा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला टर्मॉइल होत नाही.

आता गर्दीकडे येऊ, कारण आपल्या अहवालात खरा घात तिथे झाला आहे, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

‘रायट’ म्हणजे दंगल, आणि दंगल हा गुन्हा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत तो कलम १४६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १९१ मध्ये आहे. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव असेल आणि समान उद्देशासाठी त्या जमावाने किंवा त्यातील कोणी बळाचा अथवा हिंसेचा वापर केला, तर त्या जमावातील प्रत्येक जण दंगलीचा दोषी ठरतो. म्हणजे आपल्या संस्थेच्या फाटकाशी रायट झाली असे लिहिताना, तपासणीसाठी पहाटेपासून ताटकळलेल्या आजारी माणसांना आपण नकळत गुन्हेगार ठरवले. विश्वस्तांचा पोलिसांविषयीचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त होता.

‘मेहेम’ हाही मूळचा कायद्यातलाच शब्द. जुन्या इंग्रजी कायद्यात एखाद्याचा हात, पाय किंवा डोळा निकामी करून त्याला स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ करणे हा मेहेमचा गुन्हा होता. आज तो शब्द सैल झाला आहे आणि वर्तमानपत्रांत खेळाच्या पानावरही दिसतो, पण त्यात हिंसा अजून शिल्लक आहे. कोणाला इजा झाली नसेल तिथे तो लिहू नये, आणि झाली असेल तर इजा काय झाली ते लिहावे.

‘बेडलम’बद्दल त्या डॉक्टरांना वाईट वाटले, याचे कारण इतिहासात आहे. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले आणि लोकांच्या तोंडी बेथलेहेमचे ‘बेथलेम’ व ‘बेडलम’ झाले. सतराव्या-अठराव्या शतकांत पाहुणे करमणूक म्हणून तिथल्या रुग्णांना पाहायला येत, आणि त्या इस्पितळातला आक्रोश हाच पुढे कोणत्याही कोलाहलाचा पर्याय बनला. ते रुग्णालय आजही दक्षिण लंडनमध्ये मानसोपचाराचे काम करते. इंग्रज माणूस मुलांच्या दंग्याला सहज बेडलम म्हणतो, हे खरे. परंतु रुग्णसेवा करणाऱ्या संस्थेने आपल्या रुग्णांविषयी तो वापरावा, हे मलाही पटत नाही. आपल्याकडेही कोणत्याही गोंधळाला ‘तमाशा’ म्हणण्याची सवय आहे, आणि इंग्रजी शब्दकोशांनीही तो शब्द गडबड-गोंगाट या अर्थासकट स्वीकारला आहे. ज्यांचे आयुष्य फडावर गेले त्या कलावंतांच्या कानांवर तो कसा पडत असेल याचा विचार केला, की मला तो या अर्थाने लिहवत नाही.

‘पॅन्डेमोनियम’ हा शब्द मिल्टनने १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात घडवला. नरकाच्या राजधानीचे, सर्व सैतानांच्या सभास्थानाचे ते नाव होते. विधिमंडळातील गदारोळाच्या बातम्यांत तो नेहमी भेटतो. त्याच बातम्यांत ‘अपरोअर’ आणि ‘डिन’ हे शब्दही येतात आणि कामकाज तहकूब झाल्याचे वाक्य बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच एकाच्या आधाराने लिहिलेले असते. आवाज हा या तिन्ही शब्दांचा गाभा आहे. आपल्या फाटकाशी आवाज झाला असेल, पण सांगण्यासारखी गोष्ट ती नव्हती. सांगण्यासारखी गोष्ट रेटारेटी ही होती.

रेटारेटीवरून ‘स्टॅम्पीड’ या शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. तो आपण वापरला नाही, पण यादीत त्याच्यापुढे खूण केली आहे. मेक्सिकोतील स्पॅनिशमधून आलेला हा शब्द गुरांचा कळप बिथरून उधळतो त्या धावेचा आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत जवळजवळ तीनशे भाविकांचा जीव गेला, २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ प्रवासी मृत्यू पावले, आणि दोन्ही वेळा इंग्रजी बातम्यांत स्टॅम्पीड हाच शब्द आला. एल्फिन्स्टनच्या पुलावर तर पळायला जागाच नव्हती. माणसे जिन्यावर अडकली आणि दाबाने गुदमरली. गर्दीच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे लोक म्हणूनच आता ‘क्राउड क्रश’ म्हणणे पसंत करतात, कारण स्टॅम्पीड म्हटले की दोष उधळलेल्या माणसांकडे जातो, आणि क्रश म्हटले की अरुंद जिना, एकच दार, चुकलेले नियोजन यांच्याकडे लक्ष जाते. मराठीतील ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द या दुसऱ्या अर्थाच्या किती जवळ आहे ते पाहा. इथे आपली मराठी अधिक न्याय्य आहे आणि इंग्रजी लिहितानाही तिच्याच बाजूने राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या शिबिरात तेवढे गंभीर काही घडले नाही, तेव्हा ‘पुशिंग’ हा शब्द पुरे.

कारभाराच्या अव्यवस्थेचे शब्द हे सरळ सरळ आरोपाचे असतात. ‘शॅम्बल्स’ म्हणजे मूळचा खाटकाचा बाक, मग मांसबाजार, मग कत्तलखाना; यॉर्क शहरात या नावाची जुनी गल्ली अजून आहे. आज एखाद्या कार्यालयाच्या कामाला शॅम्बल्स म्हटले, तर जबाबदार माणसांना काम जमले नाही असा त्याचा अर्थ होतो. शेवटी ‘स’ असला तरी तो एकवचनी चालतो : ‘अ शॅम्बल्स’. ‘डिसअरे’ सौम्य आहे. मांडणी मोडली, एवढेच त्यात आहे, आणि तो जवळजवळ नेहमी ‘इन डिसअरे’ असाच येतो. ‘ॲनार्की’ म्हणजे सत्ताच नसणे. संस्थेच्या अहवालात त्याचे काही काम नाही.

‘डिसऑर्डर’ या शब्दाचे वजन किती असू शकते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ च्या एका निकालात आहे. डॉ. राममनोहर लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले होते. त्या आदेशात ‘लॉ अँड ऑर्डर’ असे शब्द होते, तर नियमात ‘पब्लिक ऑर्डर’ असे होते. शासनाच्या दृष्टीने फरक किरकोळ होता. न्यायालयाने बहुमताने तो किरकोळ मानला नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिण्यास सांगितले : सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. प्रत्येक बेशिस्त ही सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असतेच असे नाही. ती स्थानबद्धता रद्द झाली. दोन जवळचे शब्द परस्परांच्या जागी चालतील असे गृहीत धरले, तर एखाद्या माणसाचे स्वातंत्र्यही त्यात अडकू शकते.

‘केऑस’ला आपण फार घाबरलात, म्हणून त्याच्या बाजूने दोन शब्द. उच्चार के-ऑस असा करावा. ‘चाओस’ करू नये. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सृष्टीपूर्वीची पोकळी असा होता, आणि सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या फ्लेमिश रसायनज्ञाने त्याच शब्दावरून ‘गॅस’ हा शब्द घडवला, जो आज आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराची वाहतूक बंद पडली, त्या स्थितीला केऑस म्हणणे योग्य आहे. त्यात गेलेल्या जिवांसाठी मात्र तो शब्द अपुरा आहे. सगळी घडी एकाच वेळी मोडली असेल तेव्हा तो लिहावा, आणि त्याच्या आधी ‘अ’ लावू नये.

यादीतील उरलेल्या शब्दांपैकी ‘फियास्को’ आणि ‘डिबाकल’ हे फजितीचे व पराभवाचे शब्द आहेत. शिबिर पार पडले आहे, तेव्हा ते बाजूला ठेवा. ‘स्नाफू’ हा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांनी केलेला आद्याक्षरांचा शब्द असून त्यात एक शिवी दडलेली आहे. अहवालात तो कदापि नको. ‘टॉप्सी-टर्व्ही’, ‘हेल्टर-स्केल्टर’ हे आपल्या उलटापालट, धावपळ यांसारखे नाद असलेले शब्द गोष्टी सांगताना छान वाटतात, अहवालात नाहीत. ‘हॅवक’ हा मध्ययुगीन सैन्याला लुटीची मोकळीक देणारा पुकारा होता आणि तो आजही क्रियापदासह येतो : ‘रीक हॅवक’. अवकाळी पावसाने द्राक्षबागांचे काय केले हे सांगायला तो चांगला.

याच्यापुढे शब्द असेच, त्यांच्या सोबत्यांसह टिपून ठेवा. वहीत शब्दासमोर मराठी अर्थ न लिहिता तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य उतरवून घ्या, आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, उदाहरणे देणारा कोश वापरा. समानार्थी कोश टाकून देण्याची गरज नाही. त्यात सापडलेला शब्द ओळखीचा असेल तरच उचलावा, एवढे पथ्य पाळा.

राहिला आपला परिच्छेद. तो मी असा लिहीन : ‘द टर्नआउट वॉज मच लार्जर दॅन वी हॅड प्लॅन्ड फॉर. देअर वॉज पुशिंग ॲट द गेट, अँड टू एल्डरली विमेन फेल. नीदर वॉज सीरियसली हर्ट. फॉर अबाउट ॲन अवर देअर वॉज कन्फ्यूजन ओव्हर द क्यूज, अँड सम केस पेपर्स वेअर मिक्स्ड अप.’ व्हरांड्यातील खोक्यांचा उल्लेख मी गाळला आहे, कारण त्याने कोणाचे काही बिघडले नाही. विश्वस्तांना कळवा, की पोलिसांत जाण्यासारखे काही घडले नव्हते आणि शब्द चुकीचा पडला होता. डॉक्टरांचे आभार माना आणि दुरुस्त प्रत पाठवा. मात्र एक माहिती आपल्या पत्रात नाही आणि ती अहवालात असायलाच हवी : केसपेपरांची अदलाबदल औषधे देण्यापूर्वी लक्षात आली का, आणि ज्यांचे कागद बदलले होते त्या रुग्णांना नंतर पुन्हा तपासले का. आधी शिबिरातील डॉक्टरांना हे विचारून घ्या, मग त्यांचे उत्तर त्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य म्हणून लिहा.